गोव्याला जाणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल, मालवणच्या पर्यटनवाल्यांना

मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ले इथले होमस्टेवाले, खानावळवाले, बोटवाले, स्कूबावाले आणि हॉटेलमालक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा गाडीवाला. आडगाव नाक्याजवळ माझं ऑफिस आहे, म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर सहलींचे फोटो. एक सतरा सीटर गाडी, एक तेरा सीटर. एमएच 15 पासिंग, पांढरा रंग, मागच्या काचेवर सप्तशृंगीचं चित्र. देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर तुमच्यापैकी कुणाला तरी मी रिव्हर्स घ्यायला लावलं असणारच, त्याची आधी माफी मागतो. वीसेक वर्षं तुमच्याकडे माणसं आणतोय. निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा इकडची माणसं. बागायतदार, शिक्षक, बचत गटाच्या बायका, पतसंस्थेतले कारकून.

पत्र लिहायचं कारण असं झालं. गेल्या मे महिन्यात आमची पार्टी देवबागला मुक्कामी होती. रात्री जेवणं झाल्यावर यजमान, त्यांचे दोन शेजारी आणि एक बोटवाले पडवीत बसले होते, मीही तिथंच सुपारी कातरत बसलो होतो. विषय निघाला कॅसिनोचा. यजमान म्हणाले, "गिऱ्हाईक आमच्या दारातसून गोव्याक जाता, आमी नुसते बघीत रवतंव." बोटवाल्यांचं म्हणणं, गोव्यात चालतं तर इथं का नको? पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी आहेत तशा दोन बोटी कर्ली नदीत उभ्या करा, गोव्याचा मोपा विमानतळ आपल्या हद्दीला लागून आहे, चिपीचा तर आपलाच आहे, वर्षभर गर्दी राहील. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला विचारलं, "तुमका काय वाटता?" मी म्हणालो, "आमचं काय, तुम्ही सांगाल तिथं गाडी लावू." पाहुण्यानं यजमानाच्या पडवीत वाद घालू नये म्हणून गप्प बसलो. घरी येऊन महिना झाला तरी ते डोक्यातून जाईना.

कारण तुम्ही ज्या गिऱ्हाइकाबद्दल बोलत होता ते गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. तुमच्या दारावरून गोव्याला जाणारी गाडी बऱ्याचदा माझीच असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नाशिकवाला आहे, रामकुंडाच्या काठावरून प्रवचन देतोय. तसं काही नाही. माझं मूळ गाव बागलाणात, साल्हेरच्या बाजूला. आमच्याकडे खानदेशाचं वारं आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते कुटल्याशिवाय सण झाला असं कुणी मानत नाही. मी दहा वर्षांचा असताना ओट्यावर बसून तीन पत्ती शिकलो. आज्जी स्वतः सुट्टे पैसे काढून द्यायची. तेव्हा जुगार म्हटलं की माझ्या अंगावर काटा येत नाही. पण आखाजीच्या डावातलं एक बघा. संध्याकाळी मी शंभर रुपये हरलो तर ते चुलत्याच्या खिशात असायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशाची भजी चुलता सगळ्यांना चारायचा. पैसा गल्लीतून बाहेर गेलाच नाही.

आता माझी डायरी उघडतो. मला सवय आहे, कुठं गाडी थांबली, किती वेळ, कुणी काय घेतलं, हे लिहून ठेवायची. खोटं कशाला बोलू, त्यात कमिशनचाही हिशेब असतो. काजूवाला देतो, कोकमवाला देतो, ड्रायव्हरला जेवण फुकट असतं. ही डायरी पुण्यासाठी लिहिलेली नाही.

मागच्या जानेवारीची तुमच्याकडची ट्रिप. सतरा माणसं, तीन दिवस. एका घरात मावत नाहीत म्हणून दोन होमस्टे. त्यात तिघे माळकरी, त्यांना मासे चालत नाहीत. दुसऱ्या घरातल्या काकूंनी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या. आमच्या बायकांना ते इतकं आवडलं की निघताना बाजारातून दोन किलो काळे वाटाणे घेतले, आणि काकूंनी पिशवीत मालवणी मसाल्याचा पुडा टाकला, त्याचे पैसे वेगळे. मासे खाणारे चौदा जण चार वेळा चार ठिकाणी जेवले, कारण एकाला सुरमई हवी, दुसऱ्याला कोंबडी-वडे. किल्ल्यावर जायची होडी, डॉल्फिन दाखवायची बोट, सहा जणांचं स्कूबा. एकाची चप्पल समुद्रात गेली, तो बाजारपेठेतून नवी घेऊन आला. गाडीचं टायर पंक्चर झालं, त्याचे दोनशे. एका आजींना प्रवासाची उलटी, औषधाचं दुकान. खाजा, कोकम आगळ, काजू, आणि परत येताना सावंतवाडीच्या चितारआळीतून नातवंडांसाठी लाकडी फळं. डायरीत मोजलं, पैसा बावीस दारांत गेला होता. फार मोठी रक्कम कुठंच नाही. पण बावीस दारं.

आता दुसरी नोंद. ती ट्रिप एप्रिलची. द्राक्षाचा हंगाम संपला, व्यापाऱ्याचे पैसे आले, आणि पंचविशी-तिशीतल्या तेरा पोरांनी गाडी ठरवली. थेट पणजी. मालवणला थांबू का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, काका, वेळ कशाला घालवायचा. रात्री आठला मांडवीच्या काठावर पोचलो. हॉटेल बुक केलेलंच नव्हतं, कारण रात्रभर बोटीवरच राहायचं होतं. तिकिटातच जेवण, तिकिटातच दारू. छोट्या होडीनं त्यांना मोठ्या बोटीवर नेलं आणि मी गाडीत झोपलो. पहाटे साडेपाचला काचेवर टकटक झाली. त्यातला एक पोरगा होता. मोबाईल बंद पडलेला, डोळे तांबारलेले. म्हणाला, "काका, दोनशे रुपये असतील का? चहा-नाश्ता करू."

दोनशे दिले. त्याच्याकडे कृषी सेवा केंद्राची उधारी भरायचे पैसे होते, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. ज्यांची बाग आहे त्यांना माहीत आहे, औषधाची उधारी म्हणजे काय असते. फवारण्या उधारीवर होतात, पैसे माल गेल्यावर. ती उधारी भरली नाही तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दुकानदार औषध देत नाही. आंबोली घाटात चहाला गाडी थांबवली तर तेरातले आठ खाली उतरलेच नाहीत. त्याआधी सावंतवाडीत त्या पोराला बायकोचा फोन आला होता, काजू आणले का म्हणून. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या फोनवरून पैसे भरून त्यानं अर्धा किलो काजू घेतले.

त्या ट्रिपमध्ये पैसा किती दारांत गेला? एका. आणि ते अर्धा किलो काजू धरले तर दोन.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, हे त्या पोराचं दुर्दैव, सगळे हरत नाहीत. बरोबर आहे. तेरातला एक जण सोळा हजार जिंकून आला होता. त्यानं गाडीभर ते मिरवलं, पण त्यातले पणजीत किती खर्च केले? शून्य. कारण सगळं तिकिटात मिळालं होतं.

मी स्वतः एकदा त्या बोटीवर गेलो आहे, लपवत नाही. उत्सुकता होती. रूलेटचं, म्हणजे फिरत्या चाकावरच्या आकड्यांवर पैसे लावायचं, टेबल बघत तासभर उभा राहिलो. चाकावर शून्यापासून 36 पर्यंत असे 37 खाने असतात. तुम्ही एका आकड्यावर शंभर लावले आणि तो लागला तर शंभराचे 35 पट मिळतात आणि लावलेले शंभर परत. म्हणजे 3600. आता समजा प्रत्येक आकड्यावर शंभर-शंभर लावले, 3700 घातले, तर कुठलाही आकडा लागो, परत येणार 3600. ते शंभर रुपये टेबलाचे. शेकड्याला 2.70. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथं ते शेकड्याला 5.26 होतं. वाटतं, एवढंसं? आमचा भाजीबाजारातला अडत्यासुद्धा याहून जास्त घेतो! पण अडत्या एका क्रेटवर एकदाच घेतो. चाक तासाला चाळीस वेळा फिरलं आणि पोरानं दर वेळी पाचशे लावले तर वीस हजार रुपये टेबलावरून जातात आणि सरासरीनं 540 रुपये तासाला तिथं राहतात. आठ तास बसला तर 4,320. त्यात फसवणूक काही नाही. चाक प्रामाणिक आहे, फक्त त्याला कधी उशीर होत नाही, पाऊस लागत नाही आणि गारपीट होत नाही.

आमचा धंदा याच्या उलट आहे. निफाडला पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, फेब्रुवारीत गार पडली की अख्खी बाग खाली. बागायतदार दरवर्षी चाकावरच बसलेला असतो, हे आमच्याकडे लहान पोरगंही सांगेल. म्हणूनच कदाचित आमच्या लोकांना चाक इतकं ओळखीचं वाटतं. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या ग्रामीण भागात मोबाईलवरचं रूलेट शिरलं होतं, गावोगावी. आयडी-पासवर्ड देणारे एजंट, उधारीवर पॉइंट, मग वसुली. पोलिसांना त्यामागे लागावं लागलं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा आमच्या नाक्यावर निदान दोन घरांत तरी बायकांनी हुश्श केलेलं मी पाहिलं. यावर तुमचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, की बंदी घालून मटका तरी बंद झाला का, त्यापेक्षा परवाना देऊन उजेडात आणा, कॅमेरे लावा, ओळखपत्र बघा. यात दम आहे. एजंटाच्या उधारीपेक्षा परवान्याचं टेबल बरं, हे मी मान्य करतो. पण तो जुगार कसा चालवावा याचा युक्तिवाद झाला. मालवणनं पोट कशावर भरावं, याचं उत्तर त्यात नाही.

आता कायद्याचं. माझी धाकटी वाणिज्य शाखेला आहे, तिनं मला हे सगळं शोधून दिलं, आणि ते वाचताना मला एका सालाची गंमत वाटली. 1976. त्या वर्षी महाराष्ट्रानं कॅसिनो नियंत्रण आणि कराचा कायदा केला. त्याच वर्षी गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीच्या लोकांनी मतदान करून अटलांटिक सिटी नावाच्या समुद्रकाठच्या गावात कॅसिनोला परवानगी दिली. तिघांचे रस्ते वेगळे झाले. आपला कायदा जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं नुसता कागदावर पडून राहिला, कुणी तो लागूच केला नाही, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं, मग विधिमंडळानंही तो काढून टाकला. गोव्यानं 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची मशिनं आणि 1996 मध्ये बोटींवर टेबलं चालवायची वाट कायद्यात केली. तिथं समुद्रातल्या बोटी म्हणून सुरू झालेलं प्रकरण पणजीच्या ऐन तोंडावर मांडवीत उभं आहे आणि त्या हलवू, असं म्हणत एकामागून एक सरकारं मुदतवाढ देत आली. तुमची कर्ली तर मांडवीहून किती अरुंद आहे, तुम्हीच सांगा.

म्हणजे आता कुणी मागणी केली तर ती जुना कायदा लागू करा अशी होणार नाही. जुगार हा राज्यांच्या यादीतला विषय, तेव्हा मुंबईत अगदी नवा कायदा करावा लागेल. आणि तो कसा असेल याचा विचार केला का? गोव्यानं 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली आहे. गोव्याला ती परवडते, कारण त्यांचं गिऱ्हाईक महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात इथून येतं. स्वतःच्या माणसांना दार बंद केलं तरी टेबल भरलेलं राहतं. हरतो तो बाहेरचा.

महाराष्ट्रानं हाच नियम केला तर मालवणच्या टेबलावर कोण बसणार? कोल्हापूरचा, पुण्याचा, नाशिकचा माणूस तर राज्याचा रहिवासी. म्हणजे एकतर स्वतःच्या लोकांना बंदी, मग टेबल रिकामं. नाहीतर स्वतःच्या लोकांना परवानगी, मग आमच्या औषधाच्या दुकानाची उधारी तुमच्या नदीत बुडणार. मधला रस्ता मला तरी दिसत नाही. सिंगापूरनं 2010 मध्ये दोन कॅसिनो उघडले तेव्हा आपल्या नागरिकांना दिवसाला शंभर सिंगापूर डॉलर प्रवेश कर लावला, 2019 मध्ये तो दीडशे केला, आणि घरच्यांना अर्ज करून आपल्या माणसाला बंदी घालता येते. त्यांना तेवढी भीती वाटली. आपल्याकडे तो अर्ज घ्यायला खिडकी कुठं असेल आणि त्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला नसेल, याची खात्री मी देत नाही!

"महसूल मिळेल" हे वाक्य पडवीत तीनदा ऐकलं. कुणाला मिळेल? कॅसिनोवर ऑक्टोबर 2023 पासून पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. त्याचे दोन वाटे होतात, एक दिल्लीला, एक मुंबईला. मालवणच्या नगर परिषदेला त्यातून थेट काही येत नाही. तिच्याकडे येतील गाड्या लावायला जागा शोधणं, रात्री तीनला उघडा असणारा रस्ता आणि सकाळचा कचरा. नोटा आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात, म्हणून नाशिककर श्रीमंत झाला नाही, हे मी जन्मापासून बघतोय. पैसा गावातून जाणं आणि गावात राहणं या दोन गोष्टी आहेत.

अटलांटिक सिटीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. तेही जुनं समुद्रकाठचं हवा खायचं गाव, गिऱ्हाईक कमी झालं म्हणून कॅसिनोकडे वळलेलं. 1978 मध्ये पहिला कॅसिनो उघडला. सुरुवातीला त्या सगळ्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठंच नव्हता, म्हणून गर्दी झाली. मग शेजारच्या राज्यांनीही परवाने दिले, आणि गिऱ्हाइकाला घराजवळच टेबल मिळायला लागलं. 2014 या एकाच वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले. 2016 मध्ये गावाचा कारभार राज्य सरकारला हातात घ्यावा लागला. तुमच्या बाबतीत तर शेजारचं टेबल आधीपासूनच मांडलेलं आहे, तीन तासांवर, पंचवीस वर्षांच्या सरावाचं. तुम्ही दोन बोटी लावल्या तर गोवेकर सहा बोटींवर तिकीट स्वस्त करेल आणि तुमच्या यजमानांना मग पडवीतून दोन्ही बाजूंनी गाड्या जाताना दिसतील.

आता माझ्याच गावावर तुम्ही बोट ठेवाल, ठेवायलाच हवं. नाशिकमध्ये वाइन नाही का? आहे. 2000 च्या सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूला वायनऱ्या उभ्या राहू लागल्या, 2001 मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. तेव्हा आमच्याकडेही लोक म्हणाले, कुंभमेळ्याच्या गावात दारू. माझे वडीलही म्हणाले. आज शनिवार-रविवारी त्याच रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग असते, जमिनीचे भाव वाढलेत, आणि रात्री गाडी चालवणाऱ्याला जरा जपूनच जावं लागतं. सगळं गोड आहे असं म्हणणार नाही. पण वायनरीला द्राक्ष लागतं. ते दिंडोरीच्या शेतकऱ्याकडून घ्यावं लागतं, त्यासाठी वेगळ्या जातीची लागवड करावी लागते, तोडणीला बायका लागतात, क्रेट, ट्रक, बाटली, खोके लागतात. बाटली विकली नाही तर द्राक्ष घेतलं जात नाही, म्हणजे तिचं पोट आणि शेतकऱ्याचं पोट एकमेकांना बांधलेलं आहे. कॅसिनोला तुमच्याकडून काय लागतं? मासे? तिकिटातल्या बुफेला लागतील तेवढे. खोली? रात्रभर जागणाऱ्याला लागत नाही. होडी? किल्ला बघायला तो आलेलाच नाही. काही पोरा-पोरींना नोकऱ्या मिळतील हे खरं, गोव्यातही मिळाल्या. पण ज्या बावीस दारांत आज माझी डायरी जाते, त्यातली किती दारं तेव्हा उघडी राहतील?

आणि किल्ल्याचं म्हणाल तर, जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात तुमचा सिंधुदुर्ग आहे आणि आमचा साल्हेरही. साल्हेरला अजून धड चहाची टपरी नाही, तुमच्याकडे निदान होड्या आहेत. 1997 मध्ये तुमचा जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याला किती वर्षं झाली हे तुम्ही मोजतच असाल. किल्ल्याच्या जेट्टीवर म्हाताऱ्यांना होडीत चढायला नीट पायरी नाही, ही माझ्या प्रत्येक ट्रिपची तक्रार आहे. मागच्या वेळी एका आजोबांना दोघांनी उचलून आत ठेवलं. पडवीत त्या रात्री दीड तास कॅसिनोवर बोलणं झालं, या पायरीचा विषय कुणीच काढला नाही.

तुमचा खरा प्रश्न मला कळतो. तो पावसाळा आहे. मेच्या अखेरीला स्कूबा बंद, बोटी बंद, ऑगस्टपर्यंत काही नाही. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. बँकेचा हप्ता मात्र जूनमध्येही येतो आणि जुलैमध्येही. त्या तीन महिन्यांत चार भिंतींच्या आत चालणारा धंदा हवा, आणि कॅसिनो पावसात चालतो. पडवीतल्या सगळ्या बोलण्यात मला हाच एक मुद्दा जड वाटला, त्याला उत्तर द्यायला हवं म्हणूनच इतकं लिहिलं.

आमच्या बागायतदाराचं वर्ष तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची, म्हणजे फळ धरायची, छाटणी, आणि तिथून मार्चपर्यंत तो बागेतून हलत नाही. रात्री उठून आभाळ बघतो. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे मी आणतो ते बहुतेक शिक्षक आणि नोकरदार, बागायतदार त्यात फार कमी. त्याला हातात वेळ असतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. हंगामाचे पैसे आलेले असतात, बाग काडीवर असते, घरात बायको म्हणते कुठंतरी चला. मग तो त्र्यंबकला जातो, शिर्डीला जातो आणि परत येतो. निफाडकडच्या माणसाला तुमच्यासारखा पाऊस पाहायला मिळत नाही. त्याच्याकडे ढग येतात आणि पुढं निघून जातात.

त्याला तुमच्या पडवीत बसवून पाऊस दाखवा. कौलावरचा आवाज, आंबोलीचं धुकं आणि धबधबे, भातलावणी चालू असलेली शेतं. तो शेतकरी आहे, तासभर चिखलात उतरायला मागेल आणि वर तुमच्या माणसाला रोप कसं धरायचं ते शिकवायला लागेल! ताजे मासे नसतील तर सुकट आहे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, फणसाची भाजी आहे. काकूंना विचारा, त्यांना वीस पदार्थ येत असतील. संध्याकाळी वीज गेली तर जाऊ दे, पत्ते तो स्वतः आणेल, आणि हरलेले पैसे शेजाऱ्याच्याच खिशात राहतील.

मी दोनदा पावसाळ्यात गाडी आणायचा प्रयत्न केला होता. फोन केला तर एकानं सांगितलं, आम्ही बंद असतो. दुसऱ्यानं मेचाच दर सांगितला, वर म्हणाला, येवा, पण जेवणाचं काय सांगूक जमाचा नाय. दोष देत नाही, एका गाडीसाठी चूल पेटवणं परवडत नाही हे मला कळतं. म्हणून एकट्यादुकट्यानं नको. देवबागच्या चार-पाच घरांनी मिळून ठरवा, जुलैचे दोन आठवडे आम्ही उघडे राहू, तीन रात्रींचा एकच दर, जेवणासकट, भातलावणी आणि आंबोली धरून. फोंडाघाट पावसात अवघड असतो, गगनबावड्यानं आलो तर वेळ जास्त लागतो, त्यामुळे पहिला दिवस प्रवासातच जाईल असं धरा. माळकऱ्यांसाठी वेगळं भांडं लागेल. दोन खोल्यांमागे एक तरी विलायती संडास हवा, आमच्याकडे गुडघेदुखी फार.

दर व्हॉट्सअॅपवर कळवला तरी चालेल, नंबर तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे. श्रावणाआधीच्या पहिल्या फेरीसाठी सतरा सीटर मी धरून ठेवतो. त्यातली अकरा नावं आत्ताच आली आहेत, आणि त्यात तो पोरगाही आहे, बायकोसह.

आपला,
एक गाडीवाला, आडगाव नाका, नाशिक